तिच्या नावावरच्या गोळ्या

त्या दिवशी सकाळी आम्ही वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, मध्ये परात, समोर बायको. मी चिमटीत जोर जास्त लावतो, दाणे फुटतात. त्यावरून ती रोजच्यासारखी बोलली. मग म्हणाली, "आता मी प्रश्न इचारतंय. नीट उत्तर द्या."

हे प्रश्नांचं असं होतं. चारकोपला आमच्या सेक्टरच्या समाजमंदिरात एक संस्था डोक्याच्या आजाराचा दवाखाना चालवते. मी तिथला पेशंट. कारखाना बंद पडला तेव्हा माझं डोकं फिरलं. जेवायचो नाही, भिंतीकडे बघत बसायचो, कानात माणसं बोलायची. गोळ्या लागू पडल्या आणि माणसांत आलो. पुढे संस्थेच्या ताईंनी नवं काम काढलं. म्हणाल्या, लोकांना काय हवं ते आम्ही शिकलेल्यांनी ठरवायचं नाही. पेशंट आणि त्यांची घरची माणसं, तुम्हीच प्रश्न काढा, तुम्हीच वस्तीत विचारा, उत्तरांचं काय करायचं तेही आपण मिळून ठरवू. मला पटलं. बाहेरचा माणूस विचारायला आला की आम्ही "बरं आहे" म्हणून दार लावतो. शेजाऱ्याला खोटं सांगता येत नाही. त्याने सगळं भिंतीपलीकडून ऐकलेलं असतं.

नियम एवढाच, की प्रश्न बाहेर न्यायच्या आधी आपल्या घरात विचारून बघायचा.

बायकोने काढलेला प्रश्न होता, तुमचं बघणारं माणूस नसलं तर तुमच्या आजाराचं कोणाला सांगाल? मीटिंगमध्ये एक बाई म्हणाली, अभद्र कशाला बोलता. मीही म्हणालो, काढून टाका. बायको हटली नाही.

ती का हटत नव्हती ते मला कळत होतं. आमच्या नातेवाइकांत माझा आजार कोणालाच ठाऊक नव्हता. गोळ्यांचा डबा कोणाच्या नजरेला पडला की ती म्हणायची, "माझ्या आहेत. माझं डोकं ठिकाणावर नसतं." पुरुषाचं नाव खराब व्हायला नको, एवढंच तिचं म्हणणं. डबा तिच्याच कपाटात असायचा. संध्याकाळी गोळी हातावर ठेवायची ती.

"सांगा ना," ती म्हणाली. "मी नसलंय तर कोणाक सांगशात?"

"भिंतीला. वाल सोल."

"भिंत काय गोळी देतली?"

मी पुढचा वाल उचलला.

दुपारी जरा पडते म्हणून आडवी झाली. चहाच्या वेळेला हाक मारली, उठली नाही. डॉक्टर आला, हार्ट म्हणाला. मूलबाळ नाही आम्हाला. संध्याकाळी अग्नी मीच दिला.

मुलुंडहून धाकटी मेहुणी आली होती. तिनेच घर आवरलं. गेलेल्या माणसाचं अंथरूण, कपडे, औषधं आमच्यात घरात ठेवत नाहीत. तिने ते सगळं जुन्या चादरीत बांधलं. कपाट उघडलं आणि गोळ्यांचा डबाही त्यात टाकला. माझ्यासमोर. घर माणसांनी भरलेलं, मी तिला अडवलं नाही. गाठोडं बायकोच्या तिरडीबरोबर स्मशानात गेलं.

झोप नाही आली. उजाडताना कानात कुजबुज सुरू झाली. ती कसली ते मी ओळखतो.

मेहुणीने चहा आणला. मी म्हणालो, "कालचा गोळ्यांचा डबा माझा होता."

"कुठला डबा?"

"तू बांधून दिलास तो. डोक्याच्या गोळ्या. आजारी मी आहे, ती नव्हती."

"काहीतरी बोलू नका, भावोजी. ताईने स्वतः सांगितलेलं मला."

"सगळ्यांनाच सांगितलेलं तिने."

तिने कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या पोरीच्या हळदीला ताईला पुढे येऊ दिलं नाही आम्ही. माझ्या सासूबाई म्हणाल्या, डोक्याची बाई आहे, नको. ती मागे उभी राहून हसत होती, भावोजी."

हे मला माहीत नव्हतं. त्या लग्नाहून आल्यावर बायकोने मला फक्त जेवणाचं सांगितलं होतं. श्रीखंड आंबट होतं म्हणाली.

मी चपला घातल्या.

"कुठे निघालात? सुतक आहे, लोकांच्यात जाऊ नका."

"गोळीला सुतक नसतं."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आता त्यांनी नावं ठेवायला मीच उरलोय."

ती जिन्यापर्यंत मागे आली, मग खाली आली, मग डोक्यावर पदर घेऊन बरोबर चालायला लागली.

समाजमंदिरात संस्थेच्या ताई खुर्च्या मांडत होत्या. मी दारातच उभा राहिलो. म्हणालो, रात्री झोपलो नाही, कालची गोळी चुकली, कानात आवाज येतायत. मग म्हणालो, बायको काल गेली.

ताईंनी हातातली खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग बाजूला बघून विचारलं, "या कोण?"

"मेहुणी," मी म्हणालो. "माझ्या आजाराचं हिला सांगितलंय मी."