शिंगाची मूठ, ओला हात

ऑस्ट्रियातल्या आमच्या एनस नदीच्या खोऱ्यात शिकारीची सुरी घ्यायची तर लोहाराच्या बुर्गलकडे जायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि सुरी आपण निवडायची नसते, ती बुर्गल निवडते, हेही. नवखं गिऱ्हाईक मात्र आत शिरल्या शिरल्या भिंतीकडे बोट करून म्हणे, "ती पांढरीशुभ्र मूठ दाखवा," आणि तिथेच फसे.

"आधी हात बुडव," बुर्गल म्हणायची.

दाराशी लाकडी बादली असे, तिच्यात ओढ्याचं पाणी. उन्हाळ्यातसुद्धा त्या पाण्याने बोटं बधिर होत. हात लालबुंद झाला की बुर्गल टोपलीतलं अंडं फोडून त्याचा पांढरा बलक तळहातावर ओतायची, डोळे मिटायला लावायची आणि हातात एकेक सुरी द्यायची. समोरच्या ओंडक्यावर भिजवलेलं जाड चामडं ठोकलेलं होतं. ते ओढून चिरायचं. गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले, पण बुर्गलचे त्याच्या अंगठ्यावर. अंगठा तसूभर जरी पात्याकडे सरकला, तरी ती सुरी काढून घेई.

"हरणाचं पोट फाडताना हात असाच असतो," ती सांगायची. "गार आणि बुळबुळीत. त्या वेळी तुझ्या मुठीचा गोरा रंग काय चाटायचाय?"

व्हिएन्नाहून एक वकीलसाहेब आले होते. त्यांना चांदीची टोपी चढवलेली मूठच हवी होती आणि बादलीत हात घालायला ते तयार नव्हते. बुर्गलने ती सुरी मुकाट्याने कागदात गुंडाळली. "छान आहे," ती म्हणाली. "सणावारी घालायच्या चामडी चड्डीच्या खिशात शोभून दिसेल. हरणाजवळ तेवढी नेऊ नका." वकिलांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. पुढच्या वर्षी मात्र बाही वर करूनच ते दारात उभे राहिले.

बुर्गल काही जन्माची लोहारीण नव्हे. बाविसाव्या वर्षापर्यंत ती डोंगरावरच्या कुरणात गाई राखायची आणि चीज करायची. तिचा नवरा एंगलबर्ट पाती घडवण्यात उस्ताद, पण मुठी बसवायचा त्या आपल्या पंजाच्या मापाने, आणि त्याचा पंजा म्हणजे फावडं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका बारीक चणीच्या शिकाऱ्याच्या हातात मूठ फिरली आणि पातं तळव्यात शिरलं. तो टाके घातलेला हात बुर्गलने पाहिला आणि नवऱ्याला सांगितलं, "जगातले सगळे हात तुझ्याएवढे नाहीत रे बाबा. पाती तू कर, मुठी मी करते." एंगलबर्ट महिनाभर फुरंगटून बसला. मग तिने केलेली पहिली मूठ त्याने हातात धरून पाहिली आणि पुन्हा कधी त्या कामात नाक खुपसलं नाही. तो जाऊन आता आठ वर्षं झाली. पाती त्याचा पुतण्या घडवतो, मुठी अजून तीच बसवते.

शिंग तीन वर्षं माळ्यावर वाळवल्याशिवाय ती त्याला हात लावत नसे. घाई केली तर शिंग आक्रसतं आणि पातं खुळखुळायला लागतं. वाळलेल्या शिंगाची खरबरीत बाजू बोटांखाली येईल आणि गुळगुळीत बाजू तळव्याला लागेल, असा तुकडा शोधण्यात तिचा अख्खा दिवस जाई. ही शिंगं तिला गीडी आणून द्यायचा. गीडी म्हणजे एगिडियस, वरच्या रानाचा पगारी शिकारी. मार्चमध्ये नर हरणांची शिंगं गळून पडली की रानमालकाला विचारून तो पोतं भरून आणायचा. तीस वर्षं एकही मार्च चुकला नव्हता, आणि त्या पोत्याच्या वाटेकडे बुर्गल शिंगांपेक्षा गीडीसाठीच डोळे लावून बसायची. भला माणूस होता तो, आणि तिला भली माणसं आवडत.

यंदा गीडी निवृत्त झाला. सदतीस वर्षं त्याने पाहुण्यांना हरणं दाखवली होती. गोळी पाहुणे झाडायचे, पोट गीडी फाडायचा. निरोप देताना मालकाने त्याला एक नर देऊ केला होता, त्याचा स्वतःचा, स्वतःच्या बंदुकीने पाडायचा. सप्टेंबरात नर हंबरायला लागले की जायचं ठरलं होतं. पण गेल्या हिवाळ्यात ओंडके ओढायच्या दोरखंडात त्याचा उजवा हात सापडला. चाप ओढायचं बोट वाचलं, बाकीच्या तीन बोटांतली जाणीव गेली. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्या गावाला माहीत होतं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी त्याची बायको ओटिली आलुबुखारांचा केक घेऊन बुर्गलकडे आली. केक ओट्यावर ठेवायच्या आधीच तिने तोंड उघडलं.

"आज दुपारी तो तुझ्याकडे येईल. नवी सुरी घ्यायला. सांग त्याला, सुऱ्या संपल्या."

"भिंत दिसते गं त्याला."

"मग सांग, तुझ्या हाताला बसेल अशी एकही नाही. तुझा शब्द तो खाली पडू देत नाही."

"झालंय काय पण?"

"ऑगस्टात लहान हरीण पाडलं होतं ना, ते साफ करताना सुरी फिरली आणि मांडीत गेली. पट्टा आवळून दोन तास उतरत आला. मला म्हणतो, कुंपणाची तार लागली. तार! मी काय काल जन्मलेय?" ओटिलीला हसू आलं आणि त्यातच तिचा आवाज फाटला. "आता एकटा जाणार म्हणतो, अगदी माथ्यावर. दुसऱ्या कुणाला नेत नाही, आपला नर आपणच उघडायचा म्हणतो. तिथे रक्त वाहून गेलं तर मला कळायला संध्याकाळ होईल, बुर्गल."

"ओल्या हाताशी मी आजवर खोटं बोललेले नाही."

"मग आज बोल. माझ्यासाठी."

ती गेल्यावर बुर्गलचं कामात चित्त लागेना. आपला नर दुसऱ्याकडून उघडून घेणं म्हणजे आमच्याकडे शिकाऱ्याची लाजच. खोटं बोललं तर गीडी गप्प घरी बसेल आणि आतल्या आत कुढेल. खरं बोललं तरी तो जुनीच सुरी घेऊन जाईल, कारण तो अडेलतट्टू म्हणजे किती अडेलतट्टू, हे तिला पुरतं ठाऊक होतं. दोन्हीकडून तिचा जीव टांगणीला लागला.

दुपारी गीडी आला. आल्या आल्या त्याने आपली जुनी सुरी ओट्यावर आपटली.

"ही मूठ झिजली बघ. हातात ठरत नाही."

बुर्गलने ती मूठ बोटांनी चाचपली. बावीस वर्षांपूर्वी तिनेच केलेली. तिचे कंगोरे काल कोरल्यासारखे टोकदार होते.

"बरं," ती म्हणाली. "बुडव हात."

"मला कशाला बादली? माझा हात तुला पाठ आहे."

"बादली सगळ्यांना."

त्याने हात बुडवला. तिने अंडं फोडलं आणि भिंतीवरची सगळ्यात खरबरीत मूठ त्याच्या हातात दिली. त्याने ती चामड्यातून ओढली. दोन बोटांएवढं चामडं चिरल्यावर सुरी वळली आणि खणकन फरशीवर पडली. "निसटली," तो म्हणाला. दुसरी जाड होती, तीही पडली. तिसरीला तर तो कधी सोडून बसला हे त्यालाच कळलं नाही. मिटल्या डोळ्यांनी तो रिकामाच हात ओढत राहिला. बुर्गलने फरशीवरच्या तिन्ही सुऱ्या उचलल्या. यंदाचं शिंगच हलकं निघालं, एवढं तिने आत्ता म्हटलं असतं तरी पुरे होतं. म्हाताऱ्याची अब्रू राहिली असती आणि ओटिलीचं कामही झालं असतं.

"उघड डोळे, गीडी," ती म्हणाली. "सुरी चांगली आहे. सगळ्या चांगल्या आहेत. हात गेलाय."

त्याने बुळबुळीत तळवा विजारीला पुसला.

"सदतीस वर्षं," तो म्हणाला, "पावसात, बर्फात, अंधारात फाडली. एक आतडं फुटू दिलं नाही. आणि माझा नर मी तसाच ठेवू? की कुणा पोराला बोलावू, ये बाबा, माझ्या हरणाचं पोट फाडून दे म्हणून?" त्याने जुनी सुरी उचलली. "राहू दे. हिनेच भागवीन."

"भागवशील! आणि मी काय वाट बघत बसू, तुला कधी खाली आणतात याची?"

दारात ओटिली उभी होती. केकची ताटली न्यायला आले, असं ती म्हणाली, पण ताटलीकडे तिने पाहिलंही नाही. बुर्गलवर तिने एक जळजळीत नजर टाकली. मग कोपरापर्यंत बाही सारली आणि हात बादलीत घातला.

"हे काय चाललंय?" गीडी म्हणाला.

"बादली सगळ्यांना, असं ऐकलं मी बाहेरून."

 बुर्गलने पाणी जरा जास्तच वेळ लागू दिलं, नवीन अंडं फोडलं. ओटिलीने डोळे मिटले. पहिली मूठ तिच्या पंजाला मोठी झाली. दुसरीवर अंगठा सरकला. तिसरी बुर्गलने वरच्या खिळ्यावरून काढली, कोवळ्या नराच्या शिंगाची, बुटकी आणि किंचित वाकडी, कुणी विचारत नव्हतं ती. ओटिलीने एकाच ओढीत चामडं वरपासून खालपर्यंत चिरलं. अंगठा जिथल्या तिथे होता.

"ही तुझी," बुर्गल म्हणाली.

"बायकांचं काम नाही ते," गीडी पुटपुटला.

"अस्सं? मालक तुला दरवर्षी मांसाचा वाटा द्यायचा, त्याचे तुकडे घरात कोण करायचं? तुझी आई?" ओटिलीने डोळे उघडले. ते भरलेले होते. "तुझा नर तूच पाड. उघडीन मी, आणि तू शेजारी बसून मला चुका दाखव. मी काय परकी आहे का रे?"

 गीडी ओंडक्यावर टेकला.

"पहाटे साडेतीनला निघावं लागतं," शेवटी तो म्हणाला.

"निघू."

"वर गारठा असतो."

"मी काय व्हिएन्नाची आहे?"

"आणि तोंड मिटून बसावं लागतं. तास न् तास. अवाक्षर नाही."

ओटिली सुरी पुसत होती. तिने मानही वर केली नाही. "चाळीस वर्षं तुझ्यासमोर बसून जेवतेय. ते कुणी शिकवायला नको मला."

बुर्गल फस्सकन हसली. गीडीने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. मग तो उठला आणि पट्ट्यावरचं म्यान सोडायला लागला, ओटिलीला द्यायला. बधिर बोटांना बक्कल सुटेना. एरवी अशा वेळी तो पाठ फिरवून उभा राहायचा. आज त्याने हात बाजूला केले आणि ओटिलीला ते सोडू दिलं.