मी आलोय हं

"मी आलोय हं!"

आधी दाराबाहेर दोनदा खोकायचं, चप्पल फरशीवर जरा जोरात घासायची आणि मग हे वाक्य. आमच्या ऑफिसातले रेकॉर्डवाले काका कुठल्याही खोलीत असेच शिरायचे. दार सताड उघडं असलं तरी आणि आत नुसता पंखा फिरत असला तरी. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, रिकाम्या खोलीला कशाला सांगता?"

"आवं, रिकामी हाय का भरल्याली, भाइरनं कसं कळंल? माणूस आपल्या आपल्यात काय बोलत असतंय. त्याला गप व्हायला येळ नको व्हय?"

आमचं ऑफिस म्हणजे बियाणं विकणाऱ्या एका कंपनीचं विभागीय कार्यालय. सांगलीत विश्रामबागेला, दुसऱ्या मजल्यावर. प्रत्येकाला वेगळी जागा हवी म्हणून साहेबांनी प्लायवूडच्या भिंती घालून दिल्या, पण प्लायवूड खांद्यापर्यंत पोचल्यावर संपलं. त्यामुळे कुणाची सासू आली, कुणाला कसल्या गोळ्या चालू आहेत, कुणाचं बायकोशी फोनवर वाजलं, हे सगळं सगळ्यांना ठाऊक. तुम्हीही अशा ऑफिसात बसला असाल तर सांगायला नको. ऐकू येत असूनही ऐकलं नाही असं दाखवायचं आणि चहाला खाली उतरल्यावर सगळं ओकायचं, ही आमची रीत होती.

काकांना ही रीत जमली नाही. त्यांच्यापुढे कुणी काही बोलून गेलं आणि मग जीभ चावली, की ते हातातल्या फायलीकडे बघत म्हणायचे, "मी काय ऐकलं न्हाई." आणि खरंच ते ऐकलेलं कधी कुठे गेलं नाही.

काका मेढ्याकडचे. वडील गावोगाव फिरून गाद्या भरायचे. ऑफिसात मुसलमान असे ते एकटेच. पोरीचं बी.एड. इथल्या कॉलेजात चालू होतं, म्हणून कॉलेजजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलेले. रिटायर व्हायला दोन वर्षं होती, तेवढी इथेच काढावीत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

रेकॉर्ड रूममधल्या लोखंडी कपाटात आमच्या सगळ्यांच्या खाजगी फायली असत. कुणाचं ऑपरेशन, कुणाला मेमो, कुणाच्या माघारी वारस कोण, सगळं त्यांत. किल्ली काकांच्या कंबरेला. खोलीत कुणी आलं की वहीत नाव, वेळ आणि सही घ्यायचे. फायलीच्या नाडीला ते एक विशिष्ट गाठ मारायचे, गादीच्या कडेला मारतात तशी. दुसऱ्या कुणाला ती येत नसे.

दुपारी आम्ही सगळे एका टेबलावर जेवायचो. मध्ये पेपर पसरायचा आणि प्रत्येकाने आपली भाजीची वाटी त्यावर ठेवायची. काका मिरचीचा खर्डा आणायचे. त्यांच्या घरी तो पाट्यावर रगडलेला असायचा आणि मी तर त्यासाठी दोन चपात्या जास्त आणायचो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या शिंदेचे मात्र आठवड्यातले चार दिवस उपवास. हे उपवास काकांची वाटी पुढे आली की सुरू व्हायचे आणि खालून भजी आली की सुटायचे. काका म्हणायचे, "शिंदे सायबांचं लय कडक असतंय." हे ते खरं समजून म्हणायचे की कसं, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता माझ्याबद्दल. लपवण्यासारखं आहे, म्हणूनच सांगतो.

मी तेव्हा नोकरीत कायम झालो नव्हतो. कायम करण्याचा प्रस्ताव नुकताच वर गेला होता. एका शुक्रवारी मला माझ्या फायलीतल्या एका कागदाची तातडीने प्रत हवी होती. काका नमाजाला निघालेले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि कंबरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "तुमची तेवढी काढून घ्या. वहीत लिवा. दुसऱ्याचं बगू नका हं."

मी वहीत लिहिलं. माझी फाईल काढली. तिच्याखालीच आमच्या ऑफिसातल्या देशमाने मॅडमची होती. मी ती उघडली. कारण विचाराल तर काही नव्हतं. खोलीत मी एकटा होतो आणि ती हाताखाली होती, एवढंच. आत वारस बदलण्याचा अर्ज होता. नवऱ्याचं नाव काढून तिथे आईचं घातलेलं. कारण म्हणून लिहिलं होतं, की मॅडम नवऱ्याला सोडून चार महिन्यांपासून मिरजेला आईकडे राहत होत्या आणि रोज गळ्यात मंगळसूत्र घालून कामावर येत होत्या.

मी नाडी बांधली, साधी, बुटाच्या लेससारखी. रात्री जेवताना बायकोला सांगितलं. "कुणाला बोलू नकोस" असंही सांगितलं. तिने फक्त शिंदेच्या बायकोला सांगितलं.

संक्रांतीला शिंदेकडे ऑफिसातल्या बायकांचं हळदीकुंकू होतं. देशमाने मॅडम काळी साडी नेसून गेल्या. शिंदेच्या बायकोने सगळ्यांना कुंकू लावलं आणि मॅडमसमोर येऊन करंडा हातात धरून थांबली. म्हणाली, "तुम्हाला लावायचं का नाही हो, कळेना. राग नका मानू." बाकीच्या बायका ताटलीतल्या तिळगुळाकडे बघत बसल्या. मॅडम वाण न घेताच उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या केबिनमध्ये अर्धा तास रडल्या. साहेबांची केबिनही प्लायवूडचीच, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. "माझा अर्ज फक्त फायलीत होता," त्या म्हणत होत्या. "किल्ली एकाच माणसाकडे असते."

जेवायच्या सुट्टीपर्यंत निकाल लागला होता. बातमी माझ्या बायकोकडून आली हे शिंदेला ठाऊक होतं, पण मला ती काकांनीच दिली असं त्याने धरलं होतं आणि मी ते खोडलं नाही. शिंदे म्हणाला, "सारखं 'मी ऐकलं नाही, मी ऐकलं नाही' करणारा माणूसच सगळं ऐकत असतो रं." सगळ्यांना ते एकदम पटलं. मलाही पटल्यासारखं मी केलं. कुणी म्हणालं, "नमाजाला जातात तेव्हा खोली कुणाच्या भरवशावर टाकतात?" मी पाणी प्यालो.

त्याच दुपारी "जेवण" नावाच्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपशेजारी दुसरा ग्रुप निघाला. त्यात काका सोडून सगळे. जुना ग्रुप मीच कधीतरी काढला होता. तो मोडायचा म्हणजे काकांना सांगावं लागलं असतं, म्हणून तो तसाच राहिला. त्यात काका रोज सकाळी फुलांचं चित्र टाकायचे. खाली कधी लिहायचे, "आज खर्डा आणलाय." ते सगळे वाचायचे. उत्तर कुणी द्यायचं नाही.

काकांच्या सभ्यपणाचा आम्हाला या कामी फार उपयोग झाला. दाराबाहेर खोकला आला, चप्पल घासली, "मी आलोय हं" झालं, की आमचं बोलणं बंद. ते आत येईपर्यंत सगळे डब्यात बघत असायचे. दुसऱ्या कुणाला वाळीत टाकायचं तर पहारा ठेवावा लागतो. इथे तो माणूस स्वतःच आम्हाला सावध करत होता आणि त्याने ते एक दिवसही सोडलं नाही. हळूहळू ते टेबलावर बसेनासे झाले. आमच्या आधी येऊन पेपरावर खर्ड्याची वाटी ठेवून जायचे. चार वाजता ती तशीच उचलून न्यायचे. माझ्या दोन जास्तीच्या चपात्या मी लोणच्याशी खायचो.

एके दिवशी मी नव्या ग्रुपवर लिहिलं, "काका येतायत, विषय बदला." पाठवल्यावर बघतो तर ते जुन्या ग्रुपवर गेलेलं. मिनिटाच्या आत पुसलं. थोड्या वेळाने तिथे काकांचं आलं, "मी काय वाचलं न्हाई."

हे वाचून शिंदे इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो.

मग साहेबांनी चौकशी लावली. आदल्या संध्याकाळी काका माझ्या टेबलाशी आले. खोकले, "मी आलोय हं" म्हणाले आणि उभेच राहिले.

"सायेब, त्या फायलीची गाठ माझी न्हवती," ते हळू आवाजात म्हणाले.

मी कॉम्प्युटरकडे बघत राहिलो.

"उद्या तुमाला इचारलं तर काय सांगणार हायसा?"

"मला काय माहीत, काका? मी काय सांगणार?"

माझ्या टेबलावर काचेखाली माझ्या मुलाचा फोटो होता, त्याकडे त्यांनी बघितलं. "ल्हान हाय पोरगं. तुमची कायमची ऑर्डर निघंल आता. कागद माझ्याकडनंच गेलाय वर." मग म्हणाले, "बरं. मग मलाबी काय म्हाईत न्हाई."

त्यांना माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. ते माझ्या तोंडाशी आलं होतं असं लिहायचा मोह होतो, पण आलं नव्हतं. ते कधी एकदा जातात असं मला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही मागवली. मी खुर्चीला धरून बसलो होतो. वही उघडली तर त्या शुक्रवारचं पान फाडलेलं. साहेब ओरडले, "पान कुठे आहे?"

"फाटलं, सायेब."

"फाटलं का फाडलं?"

"फाडलं."

"कुणी?"

"मीच."

यापुढे चौकशी चालवायची गरजच उरली नाही. आम्ही सगळ्यांनी एका अर्जावर सह्या केल्या की या गृहस्थांच्या ताब्यात आमची खाजगी कागदपत्रं सुरक्षित वाटत नाहीत. माझी सही पाचवी. देशमाने मॅडमनी सही करताना "नीच माणूस" असं म्हटलं आणि काकांनी ते पलीकडून ऐकलं. प्लायवूडच ते.

पंधरा दिवसांत त्यांची बदली पाटणच्या गोदामावर झाली. पोरीचं वर्ष अर्ध्यावर होतं. तिला सांगलीतच कुणाकडे तरी ठेवून ते बायकोला घेऊन गेले. निरोप समारंभ नव्हता. जाताना प्रत्येक टेबलाशी थांबून ते "येतो हं" म्हणाले. शिंदे फोनवर बोलत असल्यासारखं करत होता. फोन उलटा धरला होता त्याने. माझी कायमची ऑर्डर त्याच आठवड्यात आली आणि मी सगळ्यांना पेढे दिले.

गेल्या महिन्यात रेकॉर्ड रूमचा चार्ज माझ्याकडे आला. साहेब म्हणाले, "तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे." मी कपाट उघडून एकेक फाईल तपासत होतो. माझी फाईल निघाली. नाडीला काकांची ती गादीची गाठ. ती सोडवायला मला बराच वेळ लागला. आत शेवटी एक चिकटवलेलं पाकीट होतं. वर काकांच्या अक्षरात, "खाजगी. ज्याचं त्याने उघडावे." आत वहीचं पान. शुक्रवारची तारीख, माझं नाव, वेळ, माझी सही. दुसरं काहीही नाही. काकांनी साहेबांसमोर ते पान टेबलावर टाकलं असतं तर त्यांची पोर आज एकटी राहिली नसती.

मी तिथेच फरशीवर बसलो. मला स्वतःची शिसारी आली. फोन काढला आणि जुना ग्रुप उघडला. काकांचं फुलाचं चित्र पाटणहूनही रोज येत होतं, त्या सकाळचंही होतं. मी लिहिलं, "काका, फाईल मी उघडली होती. तुम्ही नव्हे." आणि पाठवलं.

मग मला एकेकाची नावं आठवायला लागली. त्या ग्रुपमध्ये शिंदे होता, साहेब होते, देशमाने मॅडम होत्या. कोण वाचतंय ते बघितलं. अजून फक्त काकांनी वाचलं होतं.

मी ते पुसलं.

पुसल्यावर वाट बघत बसलो. मला खात्री होती की आता त्यांचं ते वाक्य येईल आणि सगळं निभावून जाईल. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ते आलं नाही. मग बारीक अक्षरात एक ओळ उमटली, की काका ग्रुपमधून बाहेर पडले. ही ओळ फक्त ग्रुप काढणाऱ्याला दिसते. दुसऱ्या दिवसापासून फुलांचं चित्र यायचं थांबलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुसलं त्याच दुपारी जेवताना शिंदेने विचारलं, "सकाळी जुन्या ग्रुपवर काय टाकून पुसलंस रं?"

"काही नाही," मी म्हणालो. "चुकून गेलं."