मालीचा गुडघा दुखंना

कडूबाईला जन्मात दोनच दुखणी. एक गुडघ्याचं, ते ऑपरेशननं गेलं. दुसरं धाकट्या जावेचं, विजयमालेचं, म्हणजे मालीचं. त्यावर अजून औषध निघालेलं नाही.

दोघी पोखर्णीजवळच्या खेड्यात एकाच घरात नांदल्या, एकाच टोळीत ऊस तोडायला गेल्या. डोक्यावर मोळ्या वाहून दोघींचे गुडघे सारखेच झिजले. पण पोरगं आधी झालं ते मालीला. सासूनं मरताना पाटल्या दिल्या त्याही मालीलाच. कडूबाईच्या वाट्याला थोरलेपण तेवढं आलं, आणि ते मात्र तिनं कधी सोडलं नाही.

परसाल कडूबाईनं गुडघा बदलला, तेव्हा दुखण्यापायी तिनं सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होता. भेटून गेलेली माली गावात म्हणाली, "आक्का पयल्यापासूनच कांगावखोर." झालं! गल्लीभर तेच. तेव्हापासून कडूबाईला अन्न गोड लागेना.

आता मालीच्याही गुडघ्याचं ऑपरेशन झालं परभणीला. बघू तर खरं कोण कांगावखोर, म्हणत कडूबाई त्याच दिवशी दुपारच्या एस्टीनं निघाली. मालीचं विव्हळणं ऐकायला तिचे कान आसुसले होते. जाऊन बघते तर बया उशीला टेकून चहा-बिस्कीट खायलीय!

"दुखत न्हाई व्हय गं?"

"जरा बी न्हाई, आक्का. भुलीच्या डॉक्टरनं मांडीत सुई देऊन नसच बधिर केलीय. उद्यापत्तुर दुखणं कळत न्हाई म्हनं."

कडूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या वेळी कुठं मेली होती ही सुई? आता ही हसत घरी जाणार, आणि लोक म्हणणार, बघा, धाकटी कशी धीराची. थोरलीनं उगंच गाव गोळा केला होता.

माली बसल्या जागी वाकली. "आक्का, हितूनच पाया पडते."

"पलंगावरून पाया पडत असतेत का? दुखत न्हाई ना? मग उतर की खाली!"

एकटीनं उठायचं नाही, पाय बधिर आहे, असं नर्सनं मालीला बजावलं होतं. पण थोरल्या जावेच्या शब्दापुढं नर्स कोण? मालीनं पदर सारखा केला, पाय खाली सोडले आणि उभी राहिली. बधिर पाय ओल्या चिंधीसारखा दुमडला. "अगं माय!" म्हणत कडूबाईनं पिशवी टाकली आणि तिला कवेत धरलं. मालीचं सगळं वजन कडूबाईच्या त्या बदललेल्या गुडघ्यावर आलं. गुडघा तसूभर हलला नाही.

नर्स धावत आली. दोघींनी मिळून मालीला पलंगावर घातलं. नशीब, टाके शाबूत होते.

"यांना उतरायला कुणी सांगितलं?"

कडूबाई खाली टाकलेली पिशवी उचलायला वाकली.

"मीच उतरले," माली म्हणाली. "आक्का होती म्हणून वाचले."

नर्स गेल्यावर मालीनं कडूबाईचा हात धरला. "उद्या सुईचा असर उतरला की मलाबी कळंल. तुला लय दुखलं असंल, आक्का. मी उगंच नावं ठेवली."

वर्षभर ज्या शब्दासाठी कडूबाई झुरली, तो आयता पुढ्यात आला. पण घशाखाली उतरेना. चूक माझी, आणि झाकली हिनं! थोरलेपण तेवढं आपलं होतं. मेलीनं आज तेबी नेलं.