कोरं कापड

शिरूरच्या बाजारातला तो म्हातारा कापडवाला प्रत्येक कापड फाडण्याआधी गालाला लावून बघायचा. आमचं आठ दिवसांचं बाळ झोपेत सारखं दचकायचं, म्हणून त्याला गुंडाळायला मी मऊ पांढरं कापड मागितलं.

त्याचा हात थांबला. "गुरुजी, गेल्या साली ह्याच ताग्यातलं नेलं व्हतं तुम्ही."

नेलं होतं. पहिलं बाळ त्यातच गुंडाळून पुरलं होतं.

त्यानं तागा मागं सारला, डोक्याचा जुना पटका सोडला आणि अर्धा फाडून माझ्या हाती दिला. "लेकराला कोरं गुंडाळू नका. ह्यो धुऊन घ्या. सत्तर वर्सं जगलेल्या डोईचा हाय."

त्यात गुंडाळल्यावर बाळाचं दचकणं थांबलं. ते इतकं शांत निजलं, की मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसलो.