श्यामलाबाईंचं समुद्रफूल

१९७८ साली कोल्हापुरात समुद्र एकाच घरी होता: मंगळवार पेठेत, श्यामलाबाईंच्या सोप्यात. काचेच्या पेटीत मावेल एवढाच. पण त्यात मालवणच्या खडकावरचं समुद्रफूल जिवंत होतं. फूल आपलं म्हणायचं, जात प्राण्याची. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना बाटलीतलं फॉर्मॅलिनमधलं पांढरं भूत दाखवून वीट आला होता. महिनाअखेरीला सगळा वर्ग जिवंत फूल बघायला घरी येणार होता.

आणि फुलानं अंग चोरलं. सगळे हात आत ओढून ते भिजल्या खारकेसारखं बसलं.

बाईंनी पेटी उन्हातून हलवली. हवेचा पंप तपासला. कोळंबीचा तुकडा तोंडाशी धरला, तो त्यानं टाकून दिला. दीर हंबीरराव तांब्याचं वळं घातलेलं बोट काचेवर वाजवून रोज समाचार घेत.

"वैनी, ताजं हाय तवर मीठ-हळद लावा की!"

सासूबाई, म्हणजे आक्का, मात्र आता त्याला नावं ठेवत नसत. आधी त्या त्याला किडा म्हणत. पण ते सकाळी उमलतं हे पाहून त्यांचं मत बदललं. आणि आक्कांचं मत बदललं की त्याचा विधी होतो.

एके सकाळी बाईंनी तो पाहिला. सूर्याला अर्घ्य देऊन उरलेलं पाणी आक्कांनी चिंचेनं लखलखीत घासलेल्या तांब्याच्या कलशातून पेटीत ओतलं.

"आक्का, हे कधीपासनं?"

"लई दिस झालं. सुकाय लागलं तसं जरा जास्तच घालतीय. रातभर कलशात ठेवल्यालं पाणी हाय, साधं न्हवं!"

बाईंनी कलश त्यांच्या हातातून काढून घेतला. शिरोळला माहेरी विहिरीतल्या गोगलगायी मारायला मोरचूद टाकत. मोरचूद म्हणजे तांबंच. बिनकण्याच्या जिवांचा त्याच्यापुढे टिकाव लागत नाही, हे त्या दरवर्षी वर्गात शिकवत होत्या.

"ह्याला तांबं सोसत नाही, आक्का."

"देवाला सोसतंय आन् ह्याला न्हाय?" आक्कांनी फुलाकडे आदरानं पाहिलं. "माझ्यापरीस सोवळं दिसतंय."

मालवणच्या एस्टीवरचे पिराजी ड्रायव्हर गगनबावड्याच्या घाटातून चिनी मातीच्या बरण्या भरून समुद्र घेऊन आले. बाईंनी जुनं पाणी थोडं थोडं करून बदललं. आधी एक हात बाहेर आला, मग चार. आणि वर्ग यायच्या दिवशी फूल असं पसरलं की पेटी अपुरी वाटावी. पोरींनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी धडा घेतलाच नाही, गरज नव्हती.

दारात आक्का उभ्या होत्या.

"तांब्याचं काय असंल ते काढून आत या!"

हंबीररावांचं वळं साबण लावूनही निघेना. त्यांनी जिवंत समुद्र खिडकीतून पाहिला.