तुमच्या काकूचं इंजेक्शन

नातवंडांनो, फोनवर तुम्ही विचारता, काकू बरी आहे का. फोनवर एवढं सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

काकूच्या मोठ्या आतड्याला सूज येते. शरीराचं रक्षण करणारी शक्तीच आतड्यावर उलटते, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी समजावलं. त्याआधी आम्ही मूळव्याध समजून घरगुती औषधं करत बसलो होतो. रक्त पडायचं. घाई तर अशी, की चिखलीहून उंद्रीच्या शाळेपर्यंतची एसटीही झेपेना. एकदा गाडी थांबवून तिला वावरात उतरावं लागलं. त्या संध्याकाळी मला म्हणाली, "आई, नोकरी सोडते." गणित शिकवण्यात जीव असलेली बाई ती.

स्टेरॉइडनं चेहरा सुजला आणि ते थांबवताच आजार परतला. मग डॉक्टरांनी नवं इंजेक्शन सुचवलं. सूज पेटवणारा नेमका एक घटक ते अडवतं. दडलेला क्षय त्यानं उसळू शकतो, म्हणून आधी ती तपासणी झाली. इंग्रजी पत्रक आम्ही दोघींनी मिळून नीट वाचलं. दर पंधरवड्याला मांडीत स्वतःच टोचायचं. पहिल्या वेळी तोंड मी फिरवलं, तिनं नाही.

हळूहळू रक्त थांबलं. पण बसचा धसका राहिलाच.

मे महिन्यात माझ्या मोठ्या जाऊबाई राहायला आल्या. त्यांनी फ्रिजमधली इंजेक्शनची पेटी उचलून बर्फाच्या कप्प्यात ठेवली!

"लाइन घडीघडी जाऊन राह्यली, मनून ठेवलं. थंड पायजे न त्याले?"

गोठलं की ते औषध वाया जातं. मी तोंड उघडणार, तोच काकू हसली. "मोठ्या आई, कुल्फी नव्हती ना ती!"

"मंग आता वं पोरी? दुखनं परतते काय?"

"नाही परतू देत."

तिनं डॉक्टरांना फोन केला; नवी पेटी अकोल्याहूनच आणावी लागणार होती. तुमचे काका गाडी काढायला निघाले, तर म्हणाली, "शाळा उघडल्यावर रोज सोडायला येणार आहात का?" आणि बर्फाचा डबा घेऊन भर उन्हात एकटी एसटीनं अकोल्याला गेली. संध्याकाळी परतली ती धुळीनं माखलेली, पण ताठ. नवी पेटी मधल्या कप्प्यात ठेवून जाऊबाईंना म्हणाली, "आता राखण तुमची." मग काय, कोणी फ्रिजला हात लावला की त्यांचा ओरडा, "दार लाव बे!"

हा आजार मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो. या औषधाचा असर कमी झालाच तर आता आणखी नवी औषधं आहेत, काही तर गोळ्याच. तिनं त्यांचीही चौकशी करून ठेवली आहे.

जूनमध्ये ती बसनं शाळेत गेली आणि दहावीचं गणित मागून घेतलं. कोणी तरी म्हणालं, "मॅडम, तब्येत पाहता झेपेल का?"

"निकाल लागला की विचारा," काकू म्हणाली, आणि वर्गावर गेली.