माझी आई कोकरू नव्हती

परवा चाकूरच्या चर्चमध्ये आईच्या आठवणीची प्रार्थना झाली. नवे पाळक उठून म्हणाले, "धुरपताबाई म्हणजे गरीब कोकरू. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, तुम्ही तिला पाहिलं तरी होतं का? माझ्या आईचं तोंड सुटलं की अख्खी आळी दारं लावून घ्यायची! ऐका आता माझ्याकडून.

बहात्तरचा दुष्काळ. लातूर जिल्हा नव्हता तेव्हा, आम्ही उस्मानाबादेत मोडायचो. बाप खडीच्या कामावर सुरुंगात गेला. राहिलो आई, मी आणि धाकटा दानियेल, आमचा दान्या. वस्तीतला आड आटला. गावच्या विहिरीला पाणी होतं, पण ते आम्ही शेंदायचं नाही. आज्यापासून आम्ही ख्रिस्ती, पण गावाला त्याचं काय? देव बदलला तरी त्यांच्या लेखी आमची आळी तीच. कडेला उभं राहायचं, कुणी वरून घागरीत ओतलं तर न्यायचं.

दान्याला हगवण लागली. डोळे खोल गेले, ओठ वाळले. आई घागर घेऊन पळाली. विहिरीवर वरच्या आळीतली महादेवी होती, संगप्पाची बायको. "बाई, लेकरू चाललंय माझं, घोटभर तरी ओत." महादेवी म्हणाली, "थांब की जरा, आमचं आधी होऊ दे." आणि आपल्या घागरी भरून गुमान निघून गेली. दुसरं कुणी येऊन ओतेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. आई घरी पोचली तेव्हा दान्या गेला होता. त्या पाण्यानं त्याला शेवटची आंघोळ घातली.

पुढं मिशननं गावात लेकरांसाठी चूल मांडली. मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या कण्या आणि भुकटीचं दूध. शिजवायला आईला ठेवलं, त्यावरच आमचं घर चालायचं. वस्तीतली पोरं जेवायची, वरच्या आळीतलं एक फिरकत नव्हतं. आमच्या हातचं शिजलेलं कसं खातील? कोरडं धान्य मात्र चालतं म्हणे, त्याला विटाळ लागत नाही. आग लागो त्या विटाळाला! पोटं पाठीला लागली तरी यांची शिवाशिव सुटेना.

एक दिवस महादेवी आली. कडेवर तिची शिवकांता, नुसती हाडं, मान सावरत नव्हती. पदर पसरून म्हणाली, "कोरडं दे बाई, घरी शिजवून घालते." पण कोरडं द्यायचं नाही असा मिशनचा नियम होता, कारण आधी दिलेलं लोकांनी बाजारात विकलं होतं. चुलीवर देखरेख करणारे मास्तर म्हणाले, "इथं बसून खाऊ दे, नाही तर जाऊ दे."

आई हिला हाकलणार, असं मला वाटलं. हाकलायलाच पाहिजे होतं! पण आईनं हातातली पळी महादेवीपुढं आपटली.

"घे. तूच शिजीव. तुझ्या हातचं तरी खाईल न्हवं तुझी आळी?"

मास्तर म्हणाले, "आणि तुमचं काम, धुरपताबाई?"

"लाकडं फोडते. पण ही पोरगी मरू द्यायची न्हाई." मग महादेवीकडं वळली. "माफ केलं समजू नको. माझा दान्या घोटभर पाण्यावाचून गेलाय. मी इसरणार न्हाई, तुलाबी इसरू देणार न्हाई."

महादेवीनं पळी घेतली नाही. घरून आपली पळी, आपलं पातेलं आणलं. आईनं लाकडं लांबूनच टाकायची! पण वरच्या आळीतली पोरं पंगतीला आली आणि शिवकांता जगली.

पाहणीला आलेल्या मिशनच्या डॉक्टरीणबाईंना हे कळलं. त्यांनी आईला दवाखान्यात नेलं, लिहा-वाचायला शिकवलं आणि बायबलबाई केलं. म्हणजे गावोगाव बायकांना वचन वाचून दाखवायचं, औषध द्यायचं. पार इस्लापूरपर्यंत हिंडली ती. हगवण लागलेलं लेकरू दिसलं की आधी साखर-मिठाचं पाणी पाजायची, प्रार्थना नंतर. पाणी द्यायला उशीर करणाऱ्या सासवांना अशी झाडायची की बोलायची सोय नाही.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. गावात मंडप घातला, दुष्काळात सेवा केलेल्यांचा सत्कार ठरला. आणि स्टेजवर बोलावलं कुणाला? महादेवीला! "गावच्या लेकरांना जेवू घालणारी माउली" म्हणे. शाल, नारळ, टाळ्या. आई मागं उभी, खांद्याला औषधांची पिशवी, हातात तांब्या. मी दात खात होते.

एवढ्यात शिवकांता गर्दीतून आली. चांगली थोराड झाली होती. "मावशी, पाणी दे गं." आईनं तांब्या दिला, पोरीनं तोंडाला लावला. स्टेजवरून कुणीतरी खेकसलं, "ए पोरी, टाक तो तांब्या!"

आईचा आवाज मंडपभर घुमला. "पिऊ दे तिला! माझ्या लेकराला घोटभर दिलं न्हाई तुमी. बघा डोळं फाडून, माझं पाणी पिऊन मेली का ती?"

महादेवी खाली उतरली. रडत रडत आपली शाल आईच्या खांद्यावर टाकायला लागली. आईनं ती झटकली.

"शाल नको मला. हिरीवर शेंदू दे."

त्या संध्याकाळी आईनं पहिल्यांदा गावची विहीर शेंदली. दोघे-तिघे अडवायला पुढं आले, पण महादेवी रहाटाला हात लावून उभी राहिली आणि ते मागं सरले. पहिली घागर आईनं घरी आणली नाही. दान्याच्या मातीवर नेऊन ओतली, सगळी. मग रिकामी घागर काखेत घेऊन, गावाला शिव्या घालत घरी आली.